जीपचं स्टिअरिंग ऐंशीला थरथरतं: डॅम्पर घेण्याआधी काय काय बघायचं

स्टिअरिंग थरथरलं की लोक आधी डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला लावायचा धक्के शोषणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर, आणायला पळतात. त्याआधी काय बघायचं ते इथे. आधी लक्षणं. थरथर एका जातीची नसते, आणि आपली कुठल्या जातीची आहे हे कळल्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नाही. माझ्या शेडमध्ये येणाऱ्या जुन्या, मॉडिफाय केलेल्या जीपांमध्ये हे प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात.

गाडी ६५-७०ला बारीक थरथरायला लागते, ८०ला जोर धरते आणि ९०च्या पुढे गेलं की पुन्हा निवळते. हा चाकाचा दोष. टायर, रिम नाहीतर बॅलन्सिंग.

२०-३०च्या वेगालाच स्टिअरिंग डावी-उजवीकडे सावकाश डुलतं. टायरच्या आतला पट्टा सुटलाय किंवा रिम वाकली आहे.

एरवी काही नाही, ब्रेक दाबला की हात हलतात. ड्रम अंडाकृती झालाय, किंवा डिस्क बसवून घेतली असेल तर तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही.

थरथर स्टिअरिंगला कमी आणि सीटखाली, फ्लोअरला जास्त. मागची चाकं आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलला ताकद नेणारा फिरता दांडा) बघा, पुढचं काही उघडू नका.

आणि सगळ्यात वाईट प्रकार: रस्त्यातला खड्डा किंवा पुलाचा जॉइंट लागतो, पुढची दोन्ही चाकं एकदम डावी-उजवी झटके मारायला लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबत नाही. आपल्याकडे याला सरळ ‘वॉबल मारते’ म्हणतात. असं एकदा जरी झालं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी हायवेला नेऊ नका. चालवताना झालंच तर ब्रेकवर उभं राहू नका. स्टिअरिंग घट्ट धरा पण त्याच्याशी कुस्ती करू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या आणि कडेला घ्या.

एक फुकटची चाचणी आत्ताच सांगतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला क्लच दाबा. इंजिनाचे फेरे उतरले, गाडीचा वेग तोच आहे आणि थरथरही तशीच आहे, म्हणजे इंजिन निर्दोष. थरथर लगेच गेली तर इंजिनाची माउंटिंग, क्लच या बाजूला जा. डिझेल जीपला माउंटिंगचं रबर बसलेलं असणं फार सामान्य आहे, आणि लोक उगाच चाकांवर पैसे घालतात.

मॉडिफाय केलेल्या जीपलाच हे जास्त का होतं

कंपनीतून निघाली तेव्हा ही गाडी अशी नव्हती. बारीक टायर, पोलादी रिम, सगळी मापं एकमेकांना धरून. आपण काय करतो? रुंद टायर घालतो, बाहेर आलेली अलॉय बसवतो, लांब शॅकल (पाट्यांचं, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी कडी) टाकून गाडी उचलतो. यातली प्रत्येक गोष्ट दिसायला छान आहे, मलाही आवडते. पण चाकाचा मध्य किंगपिनपासून (पुढचं चाक डावी-उजवीकडे ज्यावर वळतं तो खिळा) जितका बाहेर जातो, तितका चाकाचा प्रत्येक धक्का स्टिअरिंगला जास्त ताकदीने फिरवतो. दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडीजवळ ढकलून बघा, तोच हिशोब.

अमेरिकेत १९३२च्या फोर्डसारख्या जुन्या गाड्यांचे हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेल्या गाड्या, बनवणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, कारण त्यांच्याही पुढे आडवा, सलग एक्सल आणि पाटे. दोन्ही चाकं एकाच दांड्याला, त्यामुळे एका चाकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं. आपली जीप आणि त्यांचा हॉट रॉड या बाबतीत सख्खी भावंडं आहेत, म्हणून पुढचा बहुतेक मजकूर दोघांनाही लागू आहे.

८०लाच का, हेही बघू. ३० इंची टायर एका फेरीत साधारण २.३ ते २.४ मीटर जातो. ८०च्या वेगाला म्हणजे सेकंदाला नऊ-साडेनऊ फेऱ्या. चाकात एका बाजूला वजन जास्त असेल तर सेकंदाला तितके धक्के. पाटे, टायर आणि स्टिअरिंगच्या दांड्यांना मिळून डोलण्याची स्वतःची एक लय असते. झोक्याला बरोबर वेळेवर हात लावला की तो चढत जातो, तसं धक्क्यांची लय त्या लयीला जुळली की स्टिअरिंग नाचतं. वेग वाढला की लय मोडते, म्हणून ९०च्या पुढे बरं वाटतं. बरं वाटतं एवढंच, दोष तिथेच असतो.

आता तपासणी. क्रम मोडू नका. आधी फुकटचं, मग स्वस्त, मग खर्चिक.

रिमच्या आतली माती

हसू नका, मी मनापासून सांगतोय. सोलापूरकडचा खरा पाऊस सप्टेंबरात पडतो, तेव्हाच ज्वारीच्या पेरणीची घाई असते आणि जीप शेतात जाते. आपली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला लपेटून बसते आणि दोन दिवसांच्या उन्हात विटेसारखी घट्ट होते. बाहेरून गाडी धुतली तरी ती निघत नाही, कारण पाण्याचा फवारा आत पोचतच नाही.

मंगळवेढ्याकडचे एक मालक आले होते. "ओ मिस्त्री, डॅम्पर टाकला की नवा, तरी हालतंय बघा!" एकदा नाही, दोनदा डॅम्पर बदलून झाला होता. गाडीखाली आडवा झालो तर पुढच्या डाव्या रिममध्ये मातीचा थर, निम्म्या घेरात. खरवडून काढला आणि विजापूर रोडला चक्कर मारून आलो. थरथर गेली होती.

हिशोब मुद्दाम करून दाखवतो. १६ इंची रिमच्या कडेला फक्त ५० ग्रॅम माती चिकटली असेल, तर ८०च्या वेगाला तिचा धक्का साधारण साडेतीन किलो वजनाइतका होतो, तोही सेकंदाला नऊ वेळा. २०० ग्रॅम असेल तर चौदा किलो. म्हणून चारही चाकांच्या आत हात घालून बघा. त्याच वेळी बॅलन्सिंगचे जुने तुकडे पडलेत का तेही कळतं. तुकडा जिथे चिकटला होता तिथे स्वच्छ चौकोनी डाग राहतो.

हवा

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी बघायची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४०च्या पार असतो. साधारण दर ५-६ अंशांना टायरमध्ये १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चढतो, आणि दुपारी तापलेल्या रस्त्यावरून आलेल्या टायरचं माप खोटंच असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नाही. जीप वजनाने हलकी. तिच्या रुंद टायरमध्ये दाबून हवा भरली तर टायर फक्त मधल्या पट्ट्यावर चालतो आणि प्रत्येक खडा स्टिअरिंगला सांगतो.

मूळ मापाचा टायर राहिला नसेल तर गाडीच्या पाटीवरचा आकडाही कामाचा नाही. मग खडूची चाचणी करा. टायरच्या रुंदीभर खडूची जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर सरळ शंभर मीटर जा, उतरून बघा. रेघ फक्त मधे पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. सगळीकडे सारखी पुसली जाईपर्यंत दोन-दोन पीएसआयने बदलत राहा. पुढच्या दोन्ही टायरात आकडा सारखा हवा.

नट

पोलादी रिमचे नट अलॉयला लावलेले मी कितीदा बघितलेत याची मोजदाद नाही. नटाचं निमुळतं तोंड आणि रिमचं छिद्र एकमेकांत पूर्ण बसायला हवं. सपाट तोंडाचा नट निमुळत्या छिद्रात घट्ट केला तर हाताला घट्ट लागतो, पण चाक मधोमध बसत नाही आणि काही दिवसांत ढिला होतो.

घट्ट करताना चाक जमिनीपासून उचललेलं असू द्या, नट एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे आवळा, मग चाक खाली टेकवून शेवटचा जोर द्या. अर्धा इंची स्टडला (नट ज्यावर चढतो तो आटेदार बोल्ट) साधारण ९० ते ११० न्यूटन मीटर पुरेसं आहे. पाइप घालून त्यावर पाय देऊन उभं राहायची गरज नाही, त्याने स्टड ताणला जातो आणि ड्रमही वाकडा होतो. नवीन रिम बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा. आणखी एक: जुन्या विलीज जीपला (आपल्या जीपांची मूळ अमेरिकन गाडी) डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असायचे. नट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी स्टडचे आटे बघा.

चाकं बदलून बघा

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. काळ्या मातीवर जॅक लावत असाल तर खाली जाड फळी हवीच. मागच्या चाकांना दगड लावा, एक्सलखाली स्टँड द्या. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, मी माझ्या पोरांनाही जाऊ देत नाही.

गिअर न्यूट्रल, गाडी टू व्हील ड्राइव्हमध्ये. पुढचं चाक हाताने फिरवा आणि एक तार किंवा स्क्रूड्रायव्हर रिमच्या कडेजवळ स्थिर धरा. अंतर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमीजास्त होत असेल तर रिम वाकलेली आहे. मग तेच टायरच्या माथ्यावर करा. रिम सरळ आणि टायर उड्या मारतोय, म्हणजे टायर गेला. टायरवर फुगवटा किंवा उचललेला पट्टा दिसला तर तपासणी तिथेच संपली. तो टायर उतरवा, त्यावर घरापर्यंतही जाऊ नका. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. ‘३५१४’ म्हणजे २०१४चा ३५वा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून लोक असे टायर चालवत राहतात, पण आपल्या उन्हात रबर आतून आधी मरतं.

काहीच दिसलं नाही तर पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे घालून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवा. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकाबरोबर मागे गेला. काही फरक पडला नाही तर दोष चाकात नाही, एक्सलच्या बाजूला आहे. एका तासाची मेहनत, खर्च शून्य, आणि उत्तर इतकं स्पष्ट की मला ही सगळ्यात आवडती चाचणी आहे.

बॅलन्सिंग, पण नीट

"बॅलन्सिंग तर कालच केलंय" हे वाक्य मी रोज ऐकतो. केलं असेल, पण कसं केलं? मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून बसवतात. कितीतरी जुन्या जीपांचं रिम गाडीवर मधल्या भोकावर बसतच नाही, ते पाच नटांवर मध्य साधतं. बाजारच्या अलॉयचं मधलं भोकही हबपेक्षा मोठं असतं. म्हणजे मशीनवर मध्य एक आणि गाडीवर दुसरा. मशीन शून्य दाखवतं, गाडी थरथरतेच.

दुकानात उभे असाल तर हे करून घ्या. मशीनने शून्य दाखवलं की चाक सैल करा, अर्धी फेरी फिरवून पुन्हा बसवा आणि पुन्हा फिरवा. आता १०-१५ ग्रॅमपेक्षा जास्त मागितलं तर चाक मशीनवर मधोमध बसलेलंच नव्हतं. बोल्टच्या छिद्रांवर धरणारी प्लेट ज्याच्याकडे आहे अशा दुकानात जा. रुंद चाकाला आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही कडांना वजन लागतं. फक्त बाहेरून चार तुकडे ठोकून दिले असतील तर ते काम अर्धवट. आणि एका चाकाला १५० ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर तुकडे वाढवू नका, टायर रिमवर अर्धी फेरी फिरवून बसवायला सांगा. पुष्कळदा वजन निम्म्यावर येतं. चारही चाकांचं मिळून हे काही शे रुपयांचं काम आहे.

प्ले कुठे आहे

चाकं स्वच्छ, गोल आणि बॅलन्स असूनही गाडी हलते, तर आता खाली जायचं. एकाला सीटवर बसवा, इंजिन बंद, चाकं जमिनीवर. त्याने स्टिअरिंग डावी-उजवीकडे छोटे-छोटे झटके देत राहायचं. तुम्ही खालून एकेक सांध्यावर बोट ठेवा. डोळ्याला न दिसणारा प्ले, म्हणजे सांध्यातली ढील, बोटाला कळतो. ड्रॉप आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून बाहेर आलेला हात), ड्रॅग लिंक (त्या हाताकडून चाकांकडे जाणारा दांडा), टायरॉडचे (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) एंड, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, बॉक्स जिथे चेसिसला लागतो ती जागा. टायरॉड एंड ढिला असेल तर तो बदलायचा. ग्रीस मारून तो घट्ट होत नाही.

मग चाक उचला, वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या काट्यावर हात ठेवून हलवा. खट्ट वाजलं तर बेअरिंग किंवा किंगपिन. कोणतं? सहकाऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. बेअरिंग स्वतः आवळता येतं: चाक फिरवत फिरवत नट जड होईपर्यंत आवळायचा, मग साधारण एक षष्ठांश फेरी मागे घ्यायचा आणि लॉक वॉशर नीट वाकवायचा. कोरडं, निळं पडलेलं बेअरिंग आवळू नका, बदला.

किंगपिनची गोष्ट वेगळी. तिथे टोपीखालच्या पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, काढून-घालून ताण बसवावा लागतो. नकल (चाक धरून किंगपिनवर वळणारा भाग) हाताने फिरवताना थोडी जड लागली पाहिजे. जीप वॉबल मारते तेव्हा मला सगळ्यात जास्त वेळा इथेच दोष सापडलाय. बेअरिंग घासलेलं, शिम तशाच, आणि नकल वाऱ्याने फिरेल इतकी हलकी. हे काम पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या मिस्त्रीजवळ उभं राहून करा.

शेवटी पाटे. शॅकलचे बुश, एक्सलला पाट्याशी बांधणारे यू बोल्ट आणि मधला सेंटर बोल्ट. यू बोल्ट ढिले असतील तर अख्खा एक्सल पाट्यावर सरकतो, मग वरचं सगळं नवीन घातलं तरी फरक पडत नाही.

एक चूक टाळा. स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून प्ले ‘काढून’ देणारे पुष्कळ आहेत. प्ले टायरॉडमध्ये असतो आणि आवळला जातो बॉक्स. मग स्टिअरिंग मधे अडकतं, वळणानंतर सरळ येत नाही आणि बॉक्सचे दाते खराब होतात. आधी बाहेरचे सगळे सांधे, बॉक्स शेवटी.

टो आणि कॅस्टर

टो, म्हणजे पुढची दोन चाकं पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळलीत, हे घरी मोजता येतं. पुढच्या दोन टायरांच्या मधोमध खडूने खूण करा, खुणांमधलं अंतर हबच्या उंचीला पुढून मोजा, गाडी अर्धी फेरी ढकला आणि त्याच खुणा मागून मोजा. जुन्या जीपला पुढचं माप मागच्यापेक्षा १ ते २.५ मिलिमीटर कमी हवं. पुढचं जास्त असेल तर चाकं बाहेर पळतात आणि गाडी रस्ता शोधत चालते.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा माथा मागे किती झुकलाय. सायकलच्या पुढच्या फोर्कचा कल आठवा, त्यामुळेच हात सोडले तरी सायकल सरळ जाते. विलीजच्या घराण्यातल्या जीपला साधारण ३ अंश. लांब शॅकल टाकून गाडी उचलली की एक्सल फिरतो आणि बहुतेक वेळा हे ३ अंश खाऊन टाकतो. मग पाटा आणि एक्सलच्या मधे पोलादी पाचर घालून कल परत आणतात. अ‍ॅल्युमिनियमची पाचर घेऊ नका, ती फुटते. आणि जास्त पाचर म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. कॅस्टर फार वाढवला तरी चाकं डुलायला लागतात, शिवाय पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून नवीनच थरथर सुरू होते. हे काम कोन मोजणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, अंदाजाने नाही.

इथे थांबा

चेसिसला स्टिअरिंग बॉक्सजवळ तडा दिसला. एक्सलची नळी किंवा नकल वाकलेली वाटली. ड्रॉप आर्म त्याच्या दात्यांवर हलतोय. ड्रॅग लिंक किंवा टायरॉड कधीतरी वेल्डिंग केलेला, तापवून वाकवलेला निघाला. यातलं एकही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि गाडी ट्रकवर घालून चेसिसचं काम जाणणाऱ्याकडे पाठवा. स्टिअरिंगचा दांडा वेल्ड करून देतो म्हणणाऱ्याला मी माझी गाडी देणार नाही, तुमचीही देऊ नका. तो सुटला तर ब्रेकचा उपयोग होत नाही, गाडी जाईल तिकडे जाते. ब्रेकवर येणारी थरथरही लेथवर ड्रम मोजून घेणाऱ्याचं काम आहे. एक्सल किंवा चेसिसच बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल मनाने करता येत नाही.

आणि डॅम्पर

डॅम्पर धक्का शोषतो. चांगल्या गाडीला लावला तर प्रवास सुखाचा होतो, पण दोष असलेल्या गाडीला लावला तर तो दोष झाकतो. दोन-चार महिने बरं वाटतं, तोवर किंगपिन आणखी घासतं, आणि डॅम्पर दमला की वॉबल पहिल्यापेक्षा मोठं होऊन येतं. जुन्या विलीजला कंपनीने डॅम्पर दिलाच नव्हता, ती त्याच्याशिवाय सरळ चालत होती.

म्हणून वरचं सगळं झालं की डॅम्पर काढून ठेवा. रिकाम्या रस्त्यावर आधी ४०, मग ५०, ६० असं करत चढत जा, प्रत्येक टप्प्याला स्टिअरिंगवरचे हात थोडे हलके करा. ८०ला बोटांच्या टोकांवर स्टिअरिंग शांत राहिलं, तर डॅम्पर पुन्हा बसवा. नाही राहिलं, तर तो डिकीत ठेवून पुन्हा किंगपिनपासून बघायला लागा.